मापाची स्प्रिंग

कॉफीचा डबा हलका लागला, तेव्हा बासिलियाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

डिसेंबरात झाडावरून उतरवलेली, अंगणात वाळवलेली आणि तिनं स्वतः लोखंडी कढईत भाजलेली कॉफी होती ती. रविवारी चर्चमधून आलं की दोघांपुरती उकळायची, एरवी डब्याला हात लावायचा नाही, असा तिचा नेम. डबा अर्धा कसा झाला असं तिनं नवऱ्याला विचारलं, तर हिलारियो इंजिनात घातलेली मान वर न काढता म्हणाला, की खाली ला त्रिनिदाद गावाला जाताना नोर्मितासाठी थोडी नेली. बिचारी पुड्यातली पिते.

त्यातला 'बिचारी' हा शब्द बासिलियाला खटकला. तिनं झाकण घट्ट लावलं आणि डबा फळीवर मिठाच्या बरणीमागे सरकवला.

त्यांचं वर्कशॉप डोंगरातल्या हमरस्त्याच्या एका वळणावर होतं. वरच्या अंगाला कोबीचे आणि गाजराचे वाफे, खालच्या अंगाला दरी, आणि मधून दिवसभर भाजीचे ट्रक ला त्रिनिदादच्या बाजाराकडे उतरत असायचे. जपानात वापरून झालेले, मग इकडे आलेले ट्रक, आणि त्यांची बहुतेक एकाच बनावटीची, तीस-तीस वर्षांची डिझेल इंजिनं. ती धूर ओकायला लागली, तेल प्यायला लागली, की हिलारियोकडे यायची. तो ती पार उघडायचा, धुवायचा, झिजलेलं बदलून पुन्हा जुळवायचा. व्हॉल्व्हचं काम मात्र बासिलियाचं. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षीच तिनं टोकाला रबरी वाटी असलेली काडी तळहातात फिरवून व्हॉल्व्ह घासायला घेतले, आणि हिलारियोला तिच्या हाताचा गुण कळला. तेव्हापासून व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, त्यांना ढकलणारे रॉड हे सगळं तिच्या बाकावर यायचं आणि तिनं मान हलवली तरच पुढे जायचं.

स्प्रिंग पारखायची तिची स्वतःची रीत होती. बावीस वर्षांपूर्वी बारा नव्या स्प्रिंगांच्या खोक्यात चुकून तेरावी आली होती. ती बासिलियानं तेलाच्या फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवली. जुनी स्प्रिंग तपासायची झाली की ती आणि ही मापाची स्प्रिंग टोकाला टोक लावून व्हाइसच्या जबड्यात धरायची आणि हँडल आवळायचं. दोन्ही सारख्या दबल्या, तर जुनी अजून धडधाकट. जुनी जास्त दबली, तर ती थकली, फेकून द्या. यंत्र नको, पुस्तक नको. रस्त्यावरचे ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, की बासिलियाच्या मापातून गेलंय इंजिन, काळजी नाही.

आणि आता ही नोर्मिता.

नोर्मिताच्या नवऱ्याचं ला त्रिनिदादला भाजीबाजाराच्या मागे लेथचं दुकान होतं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, सपाट करायचं, सिलिंडर घासायचे ही कामं तिथं व्हायची. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि दुकान तीच चालवायला लागली. पूर्वी हिलारियो दोन महिन्यांतून एकदा तिकडे जायचा. आता आठवड्यातून दोनदा जायचा, आणि जायच्या दिवशी दाढी करायचा. दाढी तर तो चर्चला जातानाही दर रविवारी करत नसे. बासिलियानं आरसा खिळ्यावरून काढून पुसला आणि पुन्हा लावला, दोनदा.

फोनवर तर नोर्मिताचा आवाज घरातच राहायला आला होता. ती निरोप बोलून पाठवायची आणि हिलारियो हात पुसून ते ऐकायचा. कुणाचाही फोन ग्रीसच्या हातानं उचलणारा माणूस, पण हिच्यासाठी साबण. एकदा ऐकून झालं की नीट कळलं नाही म्हणून परत ऐकायचा. "मानोंग, ऐका ना," असं तिचं सुरू व्हायचं. थोरल्या भावाला म्हणायचा साधा शब्द तो, डोंगरातली सगळी माणसं हिलारियोला तोच म्हणत. पण नोर्मिताच्या तोंडी त्याला शेवटी एक हेलकावा होता. बासिलियाला तो हेलकावा जेवताना ऐकू यायचा, भांडी घासताना ऐकू यायचा, आणि रोझरीचे मणी ओढताना तर हटकून ऐकू यायचा. मग ती तो मणी सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

अशात तिच्या धाकट्या भावाचा, बेर्तोचा ट्रक उघडायला आला.

सहा सिलिंडरचं इंजिन. याआधी दोनदा याच वर्कशॉपमध्ये उघडलेलं, दोन्ही वेळा व्हॉल्व्ह बासिलियानंच घासलेले. या खेपेस एकच गोष्ट नवीन होती. गेल्या पावसाळ्यात खालच्या वळणावर एक ट्रक ब्रेक तापून कठड्यावर गेला, तेव्हापासून बेर्तोची बायको दिनाह हट्ट धरून बसली होती, म्हणून त्यानं एक्झॉस्ट ब्रेक बसवून घेतला होता. उतारावर तो लावला की धुराची वाट बंद होते, इंजिन आतल्या आत कोंडतं आणि ट्रकला मागे खेचून धरतं. चाकांचे ब्रेक तापत नाहीत. दिनाह त्याच्याशेजारी बसूनच रोज बाजाराला जायची, त्यामुळे हट्ट धरायचा तिला हक्क होता.

हेड उतरलं, त्याच दिवशी फोनवर नोर्मिताचा निरोप आला. तिचं म्हणणं असं, की साधं इंजिन असतं तर जुन्या मापाच्या स्प्रिंगा चालल्या असत्या, पण एक्झॉस्ट ब्रेक आहे तर धूर बाहेर जायच्या व्हॉल्व्हांना तरी जड स्प्रिंगा हव्यात. कोंडलेला धूर उलटा व्हॉल्व्हवर रेटा देतो. स्प्रिंग नरम असली की व्हॉल्व्ह बंद राहत नाही, नाचायला लागतो. मग रॉड आपल्या जागेवरून उडतो, आणि भर उतारात ब्रेकही जातो, इंजिनही जातं. जमलं तर रॉड आणि त्यांच्या बुडाशी बसणारे टॅपेटही नवे घ्या, असंही ती म्हणाली.

हिलारियो म्हणाला, बोलते ते पटण्यासारखं आहे.

बासिलियानं हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला. "बावीस वर्षं मी काय करत होते मग? डबा वाजवत होते?"

हिलारियो म्हणाला, की तिच्याबद्दल कोण बोलतंय, ब्रेक नवीन आहे म्हणून प्रश्न नवीन आहे. त्यावर बासिलियानं ऐकवलं, की जड स्प्रिंग म्हणजे खालून टॅपेट उचलणाऱ्या कॅमशाफ्टवर जादा दाब. जुना कॅम, त्यावर रोज घासून बसलेले टॅपेट, त्यांना हा दाब दोन वर्षांत खाऊन टाकेल. टॅपेट बदलायचे म्हटलं तर कॅमही बदला. मग इंजिनच नवं का घेत नाही? यातलं कॅमचं बोलणं खोटं नव्हतं. हिलारियोलाही ते माहीत होतं, म्हणून तो मान खाजवत पुन्हा इंजिनाकडे वळला. त्याचं ते वळणं बासिलियाला फार बरं वाटलं.

तिनं लगेच बिस्किटाचा डबा उघडला. बेर्तोच्या बाराही स्प्रिंगा एकेक करून मापाच्या स्प्रिंगेला भिडवल्या आणि बेर्तोला समोर उभं करून दाखवल्या. बारांतली एकही जास्त दबली नाही. दोन तर मापाच्या स्प्रिंगेपेक्षा जराशा कडकच निघाल्या. जुनी स्प्रिंग नव्यापेक्षा कडक कशी, हा विचार तिच्या मनात आला आणि आला तसा गेला. तिला तेव्हा जिंकायचं होतं.

"तुझं माप तेच माझं," बेर्तो म्हणाला; थोरल्या बहिणीला तो मानांग म्हणायचा. "कोबी तयार झालाय, मानांग. मनिलाहून जड स्प्रिंगा यायची वाट बघायची म्हणजे दोन आठवडे गेले."

दुसऱ्या दिवशी हिलारियोनं त्यातल्या दोन स्प्रिंगा रुमालात बांधल्या आणि दाढी करायला बसला.

"मी पण येते," बासिलिया म्हणाली.

तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला. तिनं चांगला झगा घातला होता आणि मापाची स्प्रिंग फडक्यासकट पिशवीत टाकली होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा त्या बाईच्या बाकावर आपलं काहीतरी ठेवायचं होतं.

प्रवाशांनी भरलेल्या जीपनीत सगळा वेळ ती मनाशी नोर्मिता रंगवत आली. रंगवून रंगवून थकली, आणि प्रत्यक्षात भेटली ती त्याहून जास्त त्रास देणारी निघाली. कारण ती चांगली होती. चाळिशी ओलांडलेली, कोपरापर्यंत काळ्या तेलानं माखलेली, केस वर बांधलेली, आणि हसली की गालाला खळी पडणारी. खळीचं कुणी बासिलियाला सांगितलं नव्हतं. नोर्मितानं तिला एकुलती एक धड खुर्ची दिली, ड्रायव्हरांकडून तुमच्या हाताबद्दल ऐकलंय म्हणाली, आणि कॉफी आणली. पहिल्या घोटालाच बासिलियानं ओळखली. तिचीच कॉफी, तिच्यापेक्षा चांगली उकळलेली.

नोर्मिताकडे स्प्रिंग तपासायचं यंत्र होतं. खाली तबक, वर दांडा. स्प्रिंग तबकात उभी करायची, दांडा ठरलेल्या उंचीपर्यंत दाबायचा, आणि तबकडीवरचा काटा तिचा जोर दाखवतो. पुस्तकाप्रमाणे बेर्तोच्या इंजिनाला काटा पन्नासच्या रेघेवर यायला हवा होता. नोर्मितानं रुमालातली पहिली स्प्रिंग दाबली. काटा चाळीसच्या जरा पुढे जाऊन थांबला. दुसरीही तशीच.

"थकल्यात, मानोंग," ती म्हणाली. "जड राहू द्या, साध्याही राहिल्या नाहीत."

हिलारियोनं बासिलियाकडे पाहिलं. त्या बघण्यात ओरडा नव्हता, कीव होती, आणि ती त्या बाईच्या देखत होती. बासिलिया हळू आवाजात म्हणाली, की यंत्रंही बिघडतात. नोर्मितानं वाद घातला नाही. बिघडतात खरी, म्हणाली, आणि हिलारियोला मागच्या अंगणात एक हेड दाखवायला घेऊन गेली. दोघांचे आवाज लांब गेले. कशाला तरी तो हसला. घरी तो असा हसल्याला किती दिवस झाले, ते बासिलियानं मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं.

मग ती उठली. या यंत्राचं खोटेपण आत्ताच उघडं पाडते, अशा भरात तिनं पिशवीतून मापाची स्प्रिंग काढली आणि तबकात ठेवली. दांडा दाबला.

काटा चाळीसपर्यंतही पोचला नाही.

तिनं पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला. मग शेजारच्या फळीवरच्या फोडलेल्या खोक्यातून त्याच मापाची एक कोरी स्प्रिंग घेऊन दाबली. काटा सरळ पन्नासच्या रेघेवर जाऊन उभा राहिला, इमानदार माणसासारखा.

यंत्र बरोबर होतं. बावीस वर्षं ही स्प्रिंग प्रत्येक इंजिनाच्या प्रत्येक स्प्रिंगेबरोबर व्हाइसमध्ये आवळली गेली होती. रस्त्यावरच्या कुठल्याही स्प्रिंगेला झाली नसेल एवढी तिची कुस्ती झाली होती, आणि ती केव्हाच थकली होती. थकलेली थकलेलीला म्हणत होती, तू ठीक आहेस. आणि बासिलिया मान हलवत होती.

पावलं वाजली, तशी तिनं स्प्रिंग पिशवीत कोंबली. नोर्मिता आत आली. तबकात तेलाचं एक गोल कडं उमटलं होतं. नोर्मितानं ते पाहिलं, बासिलियाच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि खिशातल्या चिंधीनं कडं पुसून टाकलं.

परतीच्या जीपनीत हिलारियो बोलत होता. नोर्मिता म्हणते हवा आत घ्यायच्या बाजूला साध्या नव्या घालू, नोर्मिता म्हणते बाहेरच्या सहाच जड पुरतील, नोर्मिताचा मनिलात ओळखीचा दुकानदार आहे. बासिलिया खिडकीबाहेर बघत मोजत होती. वळणावरचा कृष्णफळाच्या ज्यूसचा ठेला येईपर्यंत 'नोर्मिता म्हणते' अकरा वेळा झालं होतं. बाराव्या वेळी ती म्हणाली, "बेर्तोच्या स्प्रिंगा चांगल्या आहेत. मी तपासल्यात."

ते खोटं आहे हे तिला माहीत होतं. आयुष्यात तिनं नवऱ्याशी खोटं बोलून पाहिलं नव्हतं असं नाही, पण बाकावरच्या कामाबद्दल पहिल्यांदाच. त्या दिवशी संध्याकाळची प्रार्थना तिला म्हणवली नाही. मणी हातात घेतले आणि परत ठेवले.

शनिवारी सकाळी बेर्तो आणि दिनाह कोंबडी घेऊन आले. दिनाहचे चुलते आपो सागपाय बरोबर होते. उघडलेलं इंजिन पुन्हा पहिल्यांदा सुरू करायचं त्या दिवशी कोंबडी कापायची, वडीलधाऱ्यांनी तिचं पित्त बघायचं, मग सगळ्यांनी सूप प्यायचं, ही इकडची जुनी चाल. पण इंजिन अजून उघडंच होतं. हेड बाकावर, स्प्रिंगा एका पत्र्याच्या थाळीत, आणि नवरा-बायको दोन बाजूंना तोंडं करून.

बेर्तोनं दोघांकडे पाहून डोकं धरलं. एकीकडे बहिणीचं माप, दुसरीकडे मेव्हण्यानं पाहून आलेलं यंत्र, आणि शेतात कोबी फुटायला आलाय. शेवटी तो हसत म्हणाला, की कोंबडी आणलीच आहे तर तिलाच विचारू. पित्त चांगलं निघालं तर जुन्याच स्प्रिंगा घालायच्या, वाईट निघालं तर दोन आठवडे थांबायचं.

आपो सागपाय म्हातारे असले तरी कानानं तिखट होते. "कोंबडीला इंजिनातलं काय कळतंय? ती रस्त्याचं सांगते," ते कुरकुरले. पण सुरी त्यांनीच मागितली.

कोंबडी कापली, पिसं जाळावर जाळली, पोट उघडलं. सगळे वाकले. बासिलियाही वाकली, आणि तिनं मनातल्या मनात जे मागितलं ते तिला स्वतःलाच ऐकवेना. पित्त वाईट निघू दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

पित्ताची पिशवी हिरवीगार, टच्च भरलेली, यकृताशेजारी सरळ पडलेली होती. याहून चांगलं पित्त कुणी पाहिलं नसेल. आपो सागपायनी मान डोलावली. दिनाहनं छातीवर क्रूस केला आणि हुश्श केलं. बेर्तोनं मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, आता काय म्हणतं तुझं यंत्र? हिलारियोही कसनुसा हसला. हरल्यावर तो नेहमी असाच हसायचा, आणि मग हरलेलं काम जीव लावून करायचा.

बासिलिया जिंकली होती. नोर्मिता, तिची खळी, तिचा काटा, सगळं हरलं होतं, आणि निवाडा तिच्या तोंडून नव्हे तर देवाधर्मातून आला होता. तिनं एवढं मागितलंही नव्हतं.

हिलारियो हात पुसत बाकाशी आला. साबणानं धुतलेले हात होते. हे तिच्या लक्षात आलं. त्यानं थाळी जवळ ओढली आणि म्हणाला, "बाकेत, तुझं माप दे. घालायच्याच आहेत तर एकदा शेवटचं बघून घालतो. तुझ्या मापाशिवाय मी कधी हेड बंद केलं नाही."

म्हातारे, पोरं झालेले नवरे बायकोला लाडानं म्हणतात तो शब्द. कितीतरी दिवसांत त्यानं तो उच्चारला नव्हता.

ती आत गेली. बिस्किटाचा डबा घेऊन आली. दिनाह चुलीपाशी डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे सुपात टाकत होती आणि मध्येच हसून म्हणत होती, की सोमवारी आपला ट्रक सगळ्यांच्या पुढे असेल. भावाशेजारी, उताराच्या बाजूच्या सीटवर, रोज बसणारी बाई. बासिलियानं फडकं सोडलं आणि स्प्रिंग नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"हे माप थकलंय, लाकाय," तीही नवऱ्यासाठीचा तसाच शब्द वापरून म्हणाली. "बेर्तोच्या स्प्रिंगांपेक्षा जास्त. मी तिथं काट्यावर लावून पाहिलं."

चुलीवर सूप उकळत होतं.

"कधी पाहिलंस?"

"तू मागे हसत होतास तेव्हा."

हिलारियोनं स्प्रिंग बोटांत फिरवली. "कधीपासून थकली असेल?"

"तेच तर मला ठाऊक नाही."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच म्हणाला, "नोर्मिताला माहीत आहे?"

एवढ्या सगळ्यात त्याला आठवलं ते हेच. बासिलियाच्या छातीत पुन्हा तीच आग पेटली, जशीच्या तशी, खरं बोलल्याचं तिला काही कौतुकच नाही अशी. "माहीत आहे," ती म्हणाली. "तिनं तुला सांगितलं नाही. म्हणजे ती तुला सगळंच सांगते असं नाही."

बेर्तो थाळीतल्या स्प्रिंगांकडे बघत होता, आणि दिनाह बेर्तोकडे. तिच्या हातातला डाव तसाच राहिला होता. मग आपो सागपाय घसा खाकरून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? पित्त रस्त्याचं सांगतं. रस्ता चांगला आहे म्हणालं. ही बोलली, झाला रस्ता चांगला. आता मला सूप द्या."

बेर्तो थाळी बाजूला सारून हसला. दोन आठवडे कोबी शेजाऱ्याच्या ट्रकनं पाठवू, म्हणाला.

हिलारियोनं खिशातून फोन काढला. बासिलियानं हात पुढे केला. "मी लावते."

त्या फोनला तिनं कधी हात लावला नव्हता. घंटा वाजली, आणि पलीकडून तोच हेलकावा आला, "मानोंग?"

"मानोंग नाही. मी आहे."

नोर्मिता म्हणाली, "बोला ना, मानांग." हेलकावा याही शब्दाला होता. म्हणजे तो सगळ्यांनाच होता की काय? बासिलियानं ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं, पुरता विश्वास ठेवून नव्हे.

तिनं यादी सांगितली. धूर बाहेर जायच्या सहा व्हॉल्व्हांना जड स्प्रिंगा. हवा आत घ्यायच्या सहांना साध्या, पण कोऱ्या. रॉड काचेवर लोळवून पाहिलेत, दोन वाकलेत, ते दोनच नवे. "टॅपेट बदलणार नाही. ते आपापल्या कॅमवर बसलेत, ज्याचे त्याच जागी जातील. आणि जड स्प्रिंग सहांखेरीज एकही नको, कॅम खाऊन टाकेल."

"कॅमचं तुम्ही म्हणता ते खरं," नोर्मिता म्हणाली. "मी मानोंगना त्याच दिवशी म्हटलं, की टॅपेटचं मी आगाऊपणे बोलले, त्यात मानांग सांगतील तसंच करा."

बासिलियानं नवऱ्याकडे पाहिलं. नोर्मिता काय काय म्हणते हे बारा वेळा सांगणाऱ्या माणसानं नेमकं एवढंच गाळलं होतं. तो सुपाच्या पातेल्यात काहीतरी शोधायला लागला.

"आणखी एक साधी स्प्रिंग," बासिलिया म्हणाली. "तेरावी. माझ्यासाठी."

"ठेवते. पण दर सहा महिन्यांनी काट्यावर लावून घ्या, मानांग. इकडे पाठवून द्या."

"पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येईन." मग थोडं थांबून म्हणाली, "कॉफीही मीच आणीन. कुणाच्या हाती नको."

नोर्मिता हसली. खळी पडली असणार. बासिलियानं फोन बंद करून नवऱ्याच्या हातात दिला आणि हात झग्याला पुसले.

दुपारी ती स्टूल घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. हिलारियोनं विचारलं, तर म्हणाली, एक्झॉस्ट ब्रेकवाले चार ट्रक तिच्या मापातून गेलेत, गेल्या दोन वर्षांत. चारही ड्रायव्हर शनिवारी बाजारातून रिकामे परततात. चढावर काळजी नाही, पण सोमवारी उतरायच्या आत त्यांना थांबवायला हवं. जे सांगायचं ते तीच सांगेल. तोंड तिचं होतं, माप तिचं होतं.

हिलारियोनं दुसरं स्टूल आणलं आणि तिच्या शेजारी बसला. दोन वाट्या सूप आणलं होतं. पहिला ट्रक, हिरवा, खालच्या वळणावर दिसला, तशी ती उठून रस्त्यात गेली आणि हात वर केला.

ट्रक थांबेपर्यंत मागे हिलारियोचा फोन वाजला. ती वळली नाही. पण त्यानं तो उचलायच्या आधी हात पुसले की नाही, ते मात्र तिनं हिरव्या ट्रकच्या आरशात बघून घेतलं.